आधी सीलंट, मग वॅक्स: गाडीच्या रंगावर थर चढवण्याची बरोबर पद्धत

गाडीला ग्लेझ, सीलंट आणि वॅक्स असे तिन्ही थर द्यायचे ठरवणारे बहुतेकजण क्रमातच चुकतात. सामान घरी आलं की आधी वॅक्सचा डबा उघडतो, कारण ते नाव ओळखीचं असतं. त्यावर सीलंट चोळलं जातं. महिना व्हायच्या आत बॉनेटवर पाणी थेंब धरेनासं होतं आणि खापर सीलंटवर फुटतं. खरं तर त्या सीलंटला धरायला रंग मिळालेलाच नसतो. ते वॅक्सवर बसलेलं असतं आणि वॅक्सबरोबरच निघून जातं.

या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एका नियमावर उभ्या आहेत: सीलंटला उघडा, तेल नसलेला रंग लागतो. कोणता थर कधी द्यायचा, कुठे थांबायचं आणि काय वगळायचं, हे सगळं या नियमातूनच ठरतं.

## कोणता थर कशासाठी

ग्लेझ म्हणजे तेलं आणि बारीक भरण. उन्हात दिसणाऱ्या जाळीसारख्या बारीक चऱ्यांमध्ये ते बसतं, चऱ्या झाकतं आणि रंग गडद, ओलसर दाखवतं. संरक्षण जवळपास शून्य. काही धुण्यांत ते जातं आणि चऱ्या पुन्हा दिसू लागतात.

सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमरचा पातळ थर. ऊन, पाऊस, धूळ, पक्ष्यांची विष्ठा यांच्याशी झुंजायचं काम याचं. तयारी नीट झाली असेल तर काही महिने टिकतं.

वॅक्स बहुधा कार्नोबा या ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरच्या मेणापासून बनतं. शुद्ध कार्नोबा ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, पण डब्यात ते शुद्ध नसतं. त्यात मऊ मेणं, तेलं आणि द्रावकं मिसळलेली असतात, त्यामुळे ते बरंच आधी मऊ पडतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या काळ्या गाडीवर नुसतं वॅक्स पुरत नाही, ते यामुळे. वॅक्सची चमक मात्र उबदार आणि खोल असते. ती हवी म्हणून ते सगळ्यात वर द्यायचं. झिजलं की तेवढंच पुन्हा लावायचं, खालच्या सीलंटला हात लावायचा नाही.

## तुमच्या गाडीला कोणता क्रम

रोज रस्त्यावर जाणाऱ्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे: ग्लेझ वगळा. चऱ्या झाकण्यापेक्षा हलक्या पॉलिशने कमी करा, मग सीलंटचे दोन हात आणि त्यावर वॅक्सचा एक हात द्या. संपूर्ण क्रम असा:

धुणं → डांबर आणि लोखंडी कण काढणं → क्ले (रंगात रुतलेला मळ उचलणारी मऊ माती) → पॉलिश → आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसणं → सीलंट → पूर्ण सुकू देणं → वॅक्स

ग्लेझ हवंच असेल तर दोन मार्ग आहेत. लग्नाची गाडी सजवायची आहे किंवा प्रदर्शनात लावायची आहे आणि चार दिवसांची झळाळी पुरेशी आहे, तर पॉलिशनंतर ग्लेझ आणि त्यावर थेट वॅक्स द्या, सीलंट नको. टिकाऊपणा आणि ग्लेझ दोन्ही हवं असेल, तर आधी सीलंट, ते पूर्ण सुकल्यावर ग्लेझ, शेवटी वॅक्स. ग्लेझ खाली आणि सीलंट वर हा क्रम टाळा. तेलकट हातावर चिकटपट्टी जशी धरत नाही, तसंच तेलकट ग्लेझवर सीलंटचं होतं. अपवाद एकच: काही कंपन्या स्वतःच्या सीलंटखाली चालेल असं ग्लेझ बनवतात. तसं बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असेल, तर त्याच कंपनीची जोडी वापरा.

हे काम करू नये अशा गाड्या

- मॅट रंगाची गाडी. पॉलिश, ग्लेझ आणि वॅक्सने तिच्यावर चकाकणारे डाग पडतात आणि ते परत मॅट होत नाहीत.
- नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालेला भाग. कारखान्यात रंग साधारण १४० अंशांना भाजला जातो. गॅरेजच्या बूथमध्ये तापमान ६० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे रंगातली द्रावकं पुढचे कित्येक दिवस बाहेर पडत असतात. त्यावर सीलंट किंवा वॅक्स लावलं तर ती अडकतात. रंगाऱ्याला विचारा आणि त्याने सांगेपर्यंत थांबा. ३० ते ९० दिवस हा सर्वसाधारण हिशेब.
- सिरॅमिक कोटिंग असलेली गाडी. तिला पॉलिश केलं तर कोटिंगच निघतं. तिच्या निगेची पद्धत वेगळी आहे.

जुनी अ‍ॅम्बॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी मूळ एकेरी रंगात असेल, तर तिची गोष्ट निराळी. त्या रंगावर क्लिअरकोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, नसतो. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. असा कोरडा, विटलेला रंग ग्लेझमधली तेलं शोषून घेतो आणि पुन्हा खुलतो. ग्लेझ मनापासून वापरावं अशी जागा हीच.

## आधी बाटलीवरची अक्षरं वाचा

एका चुकीमुळे अख्खी मेहनत पाण्यात जाते: सीलंटवर क्लीनर वॅक्स लावणं. ‘क्लीनर वॅक्स’, ‘पॉलिश अँड वॅक्स’, ‘ऑल-इन-वन’, ‘स्क्रॅच रिमूव्हर वॅक्स’ अशी नावं असलेल्या डब्यांत घासणारे कण किंवा कडक द्रावकं असतात. रंगावरची मळकट पापुद्री काढायला ती बनवलेली असतात आणि तुमचं ताजं सीलंटही ती त्याच हिशेबात काढून टाकतात. वरच्या थरासाठी फक्त संरक्षण देणारं, न घासणारं वॅक्स घ्या.

तपासायचं असेल तर चिमूटभर वॅक्स दोन बोटांत चोळा. किंचितही करकर जाणवली तर ते सीलंटवर वापरू नका. करकर जाणवली नाही म्हणून ते निर्धोक ठरत नाही, कारण द्रावक बोटाला कळत नाही. लेबल वाचायलाच लागतं.

## सामान

- दोन बादल्या, जमल्यास तळाशी जाळी
- न्यूट्रल पीएचचा कार शाम्पू
- धुण्याचा मायक्रोफायबर मिट (हातात घालायचा मोजा) आणि पाणी टिपायचा मोठा टॉवेल
- बारीक मायक्रोफायबर फडकी, किमान आठ-दहा
- टार रिमूव्हर, आयर्न रिमूव्हर, क्ले आणि क्लेचं वंगण
- फाइन पॉलिश आणि फोमचं पॅड
- आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि स्प्रेची बाटली
- मास्किंग टेप, हातमोजे, चांगला टॉर्च
- सीलंट, वॅक्स आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र ॲप्लिकेटर

फडक्यांची लेबलं कापून टाका, त्यांच्या शिलाईने चरे पडतात. मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारं द्रव घालू नका. त्याचा मेणचट थर धाग्यांवर बसतो, मग फडकं टिपत नाही, नुसतं पसरवतं.

## पायरी १: जागा आणि वेळ

सावली हवी आणि पत्रा गार हवा. बॉनेटवर तळहात ठेवा. आरामात ठेवता आला तर काम सुरू करा. हात मागे घ्यावासा वाटला तर संध्याकाळची वाट पाहा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू डाग सोडतो, पॉलिश लगेच सुकतं आणि सीलंट इतकं घट्ट धरतं की पुसताना जोर लावावा लागतो. त्या जोरानेच नव्या चऱ्या पडतात.

ऋतूचा विचार करा. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सगळ्यात सोयीचे. पावसाळ्याआधी करायचं असेल तर मे महिन्यात पहाटे सुरुवात करून ऊन चढण्याआधी आटपा, आणि पहिल्या वळवाच्या सरी यायच्या आत सीलंट सुकलेलं असू द्या. भर पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हे काम बंद गॅरेज असेल तरच करा.

दोन दिवस हाताशी ठेवा. शनिवारी धुण्यापासून सीलंटच्या पहिल्या हातापर्यंत, रविवारी सीलंटचा दुसरा हात, आणि वॅक्स त्यानंतर बाटली सांगेल तेव्हा. सगळं एका दुपारी उरकायला गेलात तर सीलंटच्या सुकण्याच्या वेळेवरच गदा येते.

## पायरी २: धुणं

सोसायट्यांमधल्या गाड्यांवर दिसणारी गोल जाळी बहुतेक वेळा रोज सकाळच्या पुसण्याने पडलेली असते. रात्रभर बसलेल्या धुळीवरून ओलसर फडकं फिरतं. तेच फडकं त्याच बादलीत बुडवून पुढच्या दहा गाड्यांवर फिरतं. सीलंट आणि वॅक्स लावल्यावरही हे चालू राहिलं तर दोन महिन्यांत गाडी पुन्हा जिथल्या तिथे. गाडी पुसणाऱ्या दादांना किंवा मावशींना नीट समजावून सांगा: फक्त काचा पुसा, पत्र्याला हात लावू नका. महिन्याचे पैसे तेवढेच द्या, त्यांचं नुकसान व्हायचं कारण नाही.

आता धुणं. आधी नुसत्या पाण्याने सैल धूळ खाली वाहू द्या. कोकणातली तांबडी माती किंवा गोव्यातल्या खाणपट्ट्यातली धूळ बसली असेल, तर या पायरीला दुप्पट वेळ द्या. ती फार बारीक असते आणि खोबणींतून पुन्हा पुन्हा निघत राहते.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. टपापासून सुरू करा, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर शेवटी. सगळ्यात जास्त खडे तिथेच असतात. हात सरळ रेषेत फिरवा.

कपड्यांची पावडर वापरू नका. ती रबर आणि काळं प्लास्टिक कोरडं पाडते, आणि नीट न विरघळलेले कण रंगावर घासतात. जुनं वॅक्स काढायचं काम पुढच्या पायऱ्या व्यवस्थित करतात. वॅक्स असलेला शाम्पूही आज नको, तो नको तिथे थर सोडतो.

बोअरचं पाणी असेल तर गाडी आपोआप सुकू देऊ नका. त्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पांढरे गोल डाग ठेवतात. मोठ्या टॉवेलने टिपून घ्या. जुने डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेलं फडकं मिनिटभर डागावर ठेवा, पुसा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. तरीही खळी दिसत असेल तर क्षाराने रंग कोरलेला आहे. त्याचा उपाय पॉलिशमध्ये.

## पायरी ३: डांबर, सिमेंट, लोखंड

खालच्या भागावरचे काळे ठिपके डांबराचे. टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन ठिपक्यावर थोडा वेळ धरा, विरघळू द्या, पुसा. रॉकेल वापरायची जुनी सवय आहे, पण रॉकेल तेलकट थर मागे ठेवतं आणि आपल्याला नेमका तोच नको आहे. पेट्रोलने आगीचा धोका, शिवाय ते रंगालाही चांगलं नाही. ठिपके गेले की तो भाग शाम्पूने धुवा.

पुण्या-ठाण्यात बांधकामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर सिमेंटचे शिंतोडे तपासा. नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका. व्हिनेगरच्या त्याच मिश्रणाने ते मऊ करत हळूहळू काढा. जाड थर असेल तर जाणकाराकडे न्या.

नंतर आयर्न रिमूव्हर. ब्रेक आणि रेल्वेच्या घर्षणातून उडणारे लोखंडाचे बारीक कण रंगात रुततात. आयर्न रिमूव्हर त्यांना लागला की जांभळा होतो. ओल्या, गार पत्र्यावर फवारा, बाटलीवर लिहिलं असेल तितकी मिनिटं थांबा आणि सुकायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा. वास उग्र असतो.

तपासणी: हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या बॉनेटवरून बोटं हलकेच फिरवा. नुसत्या बोटांना न कळणारा खरखरीतपणा पिशवीतून कळतो. खरखर असेल तर क्ले लागणार. सगळीकडे काचेसारखं लागलं तर पायरी ४ वगळा. क्लेनेही अगदी बारीक ओरखडे पडतात, विनाकारण करू नये.

## पायरी ४: क्ले

क्लेचा छोटा तुकडा मळून चपटा करा. हातभर चौकोनावर वंगण सढळ हाताने फवारा आणि क्ले सरळ रेषेत, जवळपास वजन न देता सरकवा. सुरुवातीला अडकल्यासारखा आवाज येतो, मग क्ले गुळगुळीत सरकू लागते. तो भाग झाला. क्लेवर मळ दिसला की घडी घालून स्वच्छ बाजू बाहेर काढा.

इशारा: क्ले जमिनीवर पडली तर फेकून द्या. धुऊन उपयोग नाही, खडे आत रुततात.

पुन्हा गाडी धुवा आणि पूर्ण कोरडी करा. आरशांच्या खाचा, दारांच्या पट्ट्या आणि नंबरप्लेटच्या मागे पाणी दडून बसतं आणि ऐन सीलंट लावताना ओघळतं. दारं आणि डिकी एकदा उघड-बंद करून ते काढून टाका.

## पायरी ५: पॉलिश

काळं प्लास्टिक, रबराच्या पट्ट्या आणि चिन्हांच्या कडा टेपने झाका. आता न झाकलेल्या काळ्या प्लास्टिकवर पॉलिशचे आणि नंतर वॅक्सचे पांढरे डाग बसतात आणि ते काढताना जीव मेटाकुटीला येतो.

हल्लीच्या गाड्यांवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलं की दरवेळी यातला थोडा भाग कायमचा जातो. तेव्हा लक्ष्य इतकंच ठेवा: चऱ्या नजरेत भरणार नाहीत इतक्या कमी करणं. सगळ्या काढायच्या नाहीत.

आधी एका छोट्या चौकोनावर प्रयोग करा. फाइन पॉलिश, मऊ फोम पॅड, ड्युअल-ॲक्शन पॉलिशिंग मशीन (ज्याचं पॅड गोल फिरतं आणि डोलतंही) असेल तर हळू वेग आणि चार-पाच फेऱ्या. हाताने करत असाल तर कमी जागा घ्या आणि जास्त धीर धरा. पुसा, टॉर्च तिरका धरून बघा. समाधान झालं तर हीच पद्धत सगळ्या गाडीला. झालं नाही म्हणून लगेच खरखरीत कंपाउंडकडे, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशकडे, धावू नका. आधी स्वच्छ पॅड घेऊन आणखी एक फेरी करा.

कडांवर आणि दारांच्या धारदार रेषांवर मशीन थांबवू नका. क्लिअरकोट तिथे सगळ्यात पातळ असतो. गेला की पुन्हा रंगवण्यावाचून उपाय नाही.

## पायरी ६: आयपीएने पुसणं

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि सीलंट न टिकण्याचं सगळ्यात मोठं कारण हीच. पॉलिशमध्ये वंगणासाठी तेलं असतात. पॉलिश झाल्यावर गाडी चमकते ती काही अंशी त्या तेलांनी. सीलंटच्या आड तीच येतात. शिवाय ती चऱ्यांमध्ये बसून त्या झाकतात, म्हणजे पॉलिश किती झालं हेही खरं कळत नाही.

औषधांच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयपीए एक भाग आणि त्यात चार भाग डिस्टिल्ड पाणी घाला. मिश्रण १४ टक्क्यांचं होतं. यापेक्षा फार कडक करू नका. कडक मिश्रण लगेच उडून जातं आणि कोरडं फडकं रंगाला अडकतं. आगीजवळ वापरू नका. मिश्रण फडक्यावर आणि थोडं पत्र्यावर फवारा, पुसा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपा. एकेरी रंगाच्या जुन्या गाडीवर आधी कोपऱ्यात तपासा.

तपासणी: पुसलेल्या भागावर थोडं साधं पाणी फवारा. ते चादरीसारखं सपाट पसरलं तर रंग उघडा आहे. टपोरे थेंब उभे राहिले तर जुना थर किंवा तेल अजून शिल्लक आहे, पुन्हा पुसा. संपूर्ण कामात थेंब *नको* असलेली ही एकच जागा. पाणी टिपून पूर्ण सुकवा.

इथून पुढे उघड्या हाताने रंगाला स्पर्श करू नका. बोटांचं तेलही तेलच.

## पायरी ७: सीलंट

नाण्याएवढं सीलंट ॲप्लिकेटरवर घ्या आणि एकावेळी एकच भाग: एक दार, किंवा अर्धं बॉनेट. अर्धपारदर्शक, जेमतेम दिसेल इतका पातळ थर द्या. आधी आडवा, मग उभा हात फिरवा म्हणजे जागा सुटत नाही. पांढरंशुभ्र दिसत असेल तर जास्त झालं. जाड थर जास्त संरक्षण देत नाही. वरचा भाग फडक्यावरच निघतो, आणि तोवर सुकायला उगाच जास्त वेळ घेतो.

पुसायची वेळ घड्याळाने ठरवू नका. हातमोजा काढून बोटाची टोकं एका कोपऱ्यात हलकेच ओढा. रेघ स्वच्छ आणि कोरडी उमटली तर पुसा. सीलंट फासलं गेलं तर थांबा. मुंबईच्या दमट हवेत याला सोलापूरच्या कोरड्या हवेपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. लावताच पुसायला सांगणारी सीलंटही असतात. तशी असेल तर बाटलीचंच ऐका.

पुसताना दोन फडकी: पहिलं सुकलेलं सीलंट उचलायला, दुसरं शेवटची झाक द्यायला. समोरच्या काचेवर सीलंट किंवा वॅक्स जाऊ देऊ नका. पावसात वायपर फिरला की तिथे धुरकट पट्टे उमटतात. ब्रेकच्या डिस्कपासून तर कटाक्षाने दूर ठेवा.

दुसरा हात द्यायचा तो पहिला पूर्ण सुकल्यावर. त्याने थर जाड होत नाही, पहिल्या हातात सुटलेल्या जागा भरून निघतात. तिसऱ्या-चौथ्या हाताने काही मिळत नाही.

## पायरी ८: थांबणं

पुसून झालं म्हणजे सीलंट तयार झालं असं नाही. पॉलिमर रंगाला पक्कं धरायला वेळ घेतं. बऱ्याच सीलंटना १२ ते २४ तास लागतात, नेमका आकडा बाटलीवर असतो. त्या वेळात पाणी लागू नये. हिवाळ्यात दव हे विसरलं जाणारं पाणी आहे. पुण्या-नाशिकच्या थंडीत उघड्यावर उभी गाडी सकाळी चिंब असते. छत असलेली जागा शोधा. गाडीवर कव्हर मात्र घालू नका, ते ताज्या थरावर घासतं आणि खाली दमटपणा कोंडतो.

दवाने भिजलीच तर पाणी हलकेच टिपा आणि सुकण्याचा वेळ पुन्हा पहिल्यापासून धरा.

वॅक्स याच काळात घाईने चढवलं जातं. वॅक्समधली द्रावकं कच्च्या सीलंटला मऊ करून उचलतात, आणि मग दोन्ही थर अर्धेमुर्धे राहतात.

## पायरी ९: ग्लेझ, हवं असेल तरच

सुकलेल्या सीलंटवर फक्त न घासणारं, शुद्ध ग्लेझ चालतं. मऊ फोमने, वजन न देता, पातळ लावा आणि हलकेच पुसा. सीलंटमुळे थेंब धरणारं पाणी ग्लेझनंतर पसरू लागेल. त्यात काही बिघडलेलं नाही, वर तेलं आली आहेत एवढंच. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ग्लेझने फरक फारसा दिसत नाही. काळ्या, गडद लाल आणि गडद निळ्या रंगावर दिसतो. ग्लेझ दिलं तर त्यावर वॅक्स लागतंच, नाहीतर पहिल्याच पावसात ते जातं.

## पायरी १०: वॅक्स

पद्धत सीलंटचीच: पातळ थर, लहान भाग, बोटाची चाचणी, दोन फडकी. डब्यातलं घट्ट वॅक्स असेल तर ॲप्लिकेटर एकदाच हलका फिरवा, खरवडून काढू नका. वॅक्सवर वॅक्स चढवत राहून थर वाढत नाही, नव्या वॅक्समधलं द्रावक जुन्याला विरघळवतं. एक हात पुरे, फार तर दुसऱ्या दिवशी आणखी एक.

टेप काढा. कुठे काळ्या प्लास्टिकवर पांढरं लागलंच असेल तर साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवून बघा, बरेचदा निघतं.

## नंतरची निगा

धुणं तेच दोन बादल्यांचं. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक दिसताक्षणी काढा. ओलं फडकं काही मिनिटं वर ठेवून मऊ करा आणि उचला, कोरडं घासू नका. उन्हात राहिलेली विष्ठा सीलंटमधूनही रंग कोरते. होळीच्या दिवशी कोरडा रंग उडाला तर आधी पाण्याने वाहून जाऊ द्या, मग शाम्पू. गणपतीला कोकणात जाऊन आलात तर परतल्याबरोबर खालचा भाग आणि चाकांच्या कमानी धुवा. खारी हवा आणि तांबडा चिखल दोन्ही एकदम बसलेले असतात.

वॅक्स दीड-दोन महिन्यांनी पुन्हा द्या, कडक उन्हाळ्यात त्याआधी. दरवेळी क्ले किंवा पॉलिश लागत नाही. धुवा, सुकवा, वॅक्स द्या.

सीलंट संपलं का, हे वॅक्सच्या थेंबांवरून ठरवू नका. वॅक्स पाणी धरत असतं तेव्हा खालची स्थिती कळत नाही. वॅक्स झिजल्यावर, पुढचं लावण्याआधी गाडी नीट धुऊन पाणी ओता. बॉनेट आणि टपावर पाणी अजून गोळा होऊन पळत असेल तर सीलंट शाबूत आहे. सपाट पसरून रेंगाळत असेल, तर आधी पुन्हा एकदा शाम्पूने धुऊन बघा, कारण कित्येकदा रस्त्याच्या मळाचा पापुद्राच सीलंट झाकत असतो. तरीही पसरलं, तर सीलंटची वेळ झाली. वर वॅक्स न चढवता पिशवीची चाचणी करा, गरजेपुरती सफाई करा, आणि आयपीएच्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. चऱ्या वाढलेल्या नसतील तर यावेळी पॉलिश वगळा.